चौदा जणांची साथ

विशाखा सहा वर्षं गारखेड्यातल्या खोलीत एकच बरोक कॉन्चेर्टो, वाद्यवृंदाच्या साथीनं एकट्यानं वाजवायची जुनी पाश्चात्त्य रचना, व्हायोलिनवर बसवत होती. साथीचा वाद्यवृंद मोबाईलमधला. ती अडखळली तरी तो थांबत नसे. आज पहिल्यांदाच साथीला खरे चौदा वादक होते. ही तालीम जमली, तरच रविवारच्या मैफलीत मुख्य व्हायोलिन तिचं.

संथ भागात वाद्यवृंद चालवणाऱ्या सरांनी तिसऱ्यांदा हात वर केला. "कन्नडला जायची बस सुटतेय का तुझी? तो सूर हवा तेवढा लांबव. आम्ही थांबतो."

"अन् तुम्ही पुढं निघून गेलात तर, सर?"

"अगं, माणसं आहेत ही."

पुन्हा सुरुवात झाली. त्या सुरावर चौदाही जणांनी गज रोखून धरले. विशाखालाही थांबायचं होतं. हात मात्र त्यांना मागं सोडून पुढं निघून गेला.