दिल्लीला गेलेली ओढणी

"या पुलावर सायकलवाले आहेतच किती?" असं म्हणत पुलाचे इंजिनिअर लीलाधर साहेबांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. नदीवरचा जुना पूल रुंद व्हायचा होता. कडेला सायकलींसाठी आखलेला पट्टा साहेबांनी लाल पेनाने खोडून टाकला.

पुलाच्या तोंडाशी सज्जनबाईंचं किराणा दुकान. बाई गल्ल्यावरून उठून थेट जीपपाशी आल्या. मागे हेमलता, सायकल धरून. पोरगी पलीकडच्या कॉलेजात नर्सिंग शिकते. परवाच पुलावर ट्रकचा धक्का लागून पडली. कोपराची जखम अजून ओली होती. तिच्या बापाने, बिजलाने, एवढंच सांगितलं होतं, पट्टा नाही तर कॉलेज नाही.

"साहेब, पट्टा खोडू नका," सज्जनबाई म्हणाल्या. "मागच्या उन्हाळ्यात मी पुलावरून चालले होते. केळीचा ट्रक असा चिकटून गेला, की अंगावरची ओढणी घेऊन गेला. थेट दिल्लीच्या मंडईत निघाली. तिकडच्या व्यापाऱ्याचा फोन आला, बाई, ओढणी मिळाली, नवरी कधी पाठवता?"

साहेब पोट धरून हसले. त्यांचा ज्युनिअर गोपाल, तोही हसला.

"अक्का, तुमच्या या गोष्टीत दूध किती आणि पाणी किती?" साहेब म्हणाले. "मी शिंदखेड्याचा. सगळी शाळा सायकलवर केली. तेव्हा कुठे होते पट्टे?"

बाईंनी हेमलताच्या हातातून सायकल घेतली आणि साहेबांपुढे उभी केली.

"मग पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन या. तुम्हाला काय अवघड?"

चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. आता मागे कसं सरायचं? साहेबांनी टोपी दाबून बसवली आणि टांग टाकली.

चढ त्यांनी ऐटीत काढला. मध्यावर गेले तोच मागून हॉर्न वाजला. केळीचा ट्रक. समोरून एसटी येत होती, म्हणजे ट्रकला पलीकडे सरकायला जागा नाही. तो थांबलाही नाही. साहेब कठड्याकडे सरकले, आणखी सरकले, आणि ट्रकच्या आड गेले.

खालून नुसता ट्रक दिसत होता. संपतच नव्हता मेला.

टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. गोपालच्या हातातला चहा बुटावर सांडला, त्याला कळलं नाही. हेमलताने सज्जनबाईंचा दंड घट्ट धरला.

ट्रक गेला. साहेब कठड्याला पाठ लावून उभे होते, सायकल छातीशी धरलेली.

ते चालतच खाली आले. डोकं उघडं.

"साहेब, टोपी?" गोपालने विचारलं.

"ट्रक घेऊन गेला."

"म्हणजे?"

"वाऱ्याने उडाली. वर केळीची पानं रचलेली होती, त्यांत जाऊन बसली. मी बघितलं ना."

गोपालला हसू आवरेना. "साहेब, तुम्ही पण अक्कांसारखंच..."

साहेब हसले नाहीत. त्यांनी नकाशा पुढे ओढला आणि खोडलेल्या पट्ट्यावर लिहिलं, कायम ठेवणे. खाली सही केली. अक्षर पार नागमोडी आलं.

पूल अजून होता तेवढाच होता. हेमलताने सायकल घेतली, दप्तर कॅरिअरला अडकवलं.

"अक्का, मी जास. परीक्षा शे मनी."

ती चढाला लागली. तिच्या मागोमाग आणखी एक ट्रक चढाला लागला.

साहेब तिकडेच बघत होते. बघता बघता हळूच म्हणाले, "अक्का, ती ओढणी... परत मिळाली का हो?"

सज्जनबाईंनी पुलावरची नजर हलवली नाही.

"पोरगी पलीकडे उतरू द्या. मग सांगते."