निसळ सरांची नजर

कळसूबाईच्या माथ्यावर, पानाच्या आत बोगदे करून राहणारी अळी यामिनीला सापडली होती. तिचा पतंग झाला, तो तांदळाच्या दाण्याएवढाही नव्हता. त्याची जात ओळखावी ती निसळ सरांनीच. यामिनी परवा सादर करणार होती त्या प्रबंधातल्या बेचाळीसच्या बेचाळीस जाती त्यांनीच ओळखल्या होत्या.

सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बघत राहिले.

"पंखावर तीन रुपेरी ठिपके. अगं, ही नवीच जात आहे! लिही."

"सर..."

"चाळीस वर्षं हेच बघतोय गं मी. लिहिलंस का?"

"लिहिलं, सर," यामिनी म्हणाली आणि अजून तिच्याच हातात असलेली पतंगाची स्लाईड तिनं हळूच भिंगाखाली सरकवली.