न वापरलेली लाल शाई

ठाण्याच्या ऑफिसात मंजुळा ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधून, म्हणजे तिच्या गाभ्यातून, येणाऱ्या संदेशांची यादी घेऊन बसली होती. प्रत्येकापुढे ‘माहिती’, ‘इशारा’ की ‘धोका’, हे लिहायचं होतं. ‘डिस्कने तिसऱ्या प्रयत्नाला उत्तर दिलं’ या संदेशापाशी ती थांबली. “अगं, दिलं ना शेवटी? ‘माहिती’ लिही,” साहेब म्हणाले. “उगाच गिऱ्हाइकाला घाबरवशील.” डोंबिवलीच्या कारखान्यात तिचे वडीलही असंच म्हणायचे. लॉगबुकात लाल शाईने नोंद केली की प्लांट थांबवावा लागे, म्हणून ‘वायूचा व्हॉल्व्ह किंचित गळतो’ हे त्यांनी तीन दिवस निळ्या शाईने लिहिलं. चौथ्या दिवशी ते त्याच वायूने गुदमरून गेले. त्यांच्या खिशातलं दुरंगी पेन मंजुळाने पर्समधून काढलं, लाल बटण दाबलं आणि ‘इशारा’ लिहायला घेतलं. रिफिल भरलेली होती, पण न वापरल्याने सुकली होती. तिने दाबून अक्षरं कागदात कोरली.