सुटला

निवृत्तीनंतर गुरुजी भारत आणि पाकिस्तानातल्या माणसांची मैत्री व्हावी म्हणून झटत. सकाळी त्यांच्या कराचीच्या मित्राचा फोन आला. समुद्रात हद्द ओलांडली म्हणून पकडलेला दातिवऱ्याचा दादू तिकडच्या तुरुंगात तापाने गेला. गुरुजी पोचले तेव्हा दादूची बायको जमना बोंबील वाळत घालत होती. ‘मेला’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. स्वतःची बायको आजारपणात गेली तेव्हा लोक जे बोलले होते, तेच ते म्हणाले, “जमना, दादू सुटला.” ती ओरडतच घरात धावली, “माझा नवरा सुटला गो!” शेजारीण हसली, “केस विंचर, नायतर वळखायचा नाय तुला!” गुरुजींना लाजेने वर बघवेना. जन्मभर मराठी शिकवून ऐन वेळी भीतीपोटी सरळ शब्द टाळला होता. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर आलेल्या जमनाने त्यात साखर घातली.