अंगठ्याचा ठसा

"आई, कमी रिझोल्यूशनवर स्कॅन कर, नाहीतर वर्ष जाईल यात," लेक स्वयंपाकघरातून म्हणाली.

पद्मजाताईंनाही तेच हवं होतं. यजमानांच्या मागे उरलेल्या फोटोंच्या स्लाइड्समध्ये नुसती धरणं नि पूल, माणूस औषधालाही नाही. वर प्रत्येकीवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा. 'कडेने धरा' म्हणून त्या जन्मभर कानीकपाळी ओरडल्या, पण ऐकतील तर शपथ! पुसून पुसून खांदा भरून आला होता.

एक स्लाइड न पुसताच स्कॅनरमध्ये गेली. पुलावरच्या आकाशात धुरकट डाग उमटला. त्यांनी रिझोल्यूशन वाढवलं. डागातून अंगठ्याच्या रेषा वर आल्या. मधोमध यजमानांना कैरी चिरताना विळीवर कापल्याची खूण.

"उरकलं का गं?"

"वेळ लागेल," म्हणत त्यांनी फडकं लांब सारलं. पुसून ठेवलेल्या ढिगाकडे बघायचा मात्र धीर होईना.