मंडईची दवंडी

गळ्यात डफडं अडकवून झाडू कोतवाल शेजारगावात शिरला, तेव्हा आज आपला घसा बसला तर बरं, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं. पण मेला घसा कसला बसतोय! आमच्या गावची मंडईची जत्रा ठरल्या दिवशीच भरेल, रात्री नाटक आहे, लेकीजावयांनी अगत्य यावं, गावात पटकी आल्याची नुसती आवई आहे, असं त्यानं घरोघर खणखणीत सांगितलं.

आवई कुठली! चार दिवसांत तिघं उलटीजुलाबानं गेले होते. सरणाची लाकडं झाडूनंच वाहिली होती. पाटलालाही हे ठाऊक होतं. पाटील तसा वाईट माणूस नव्हे, अडल्यानडल्याला धावून जाणारा. पण मंडई मोडली तर पंचक्रोशीत गावाचं नाक कापलं जाईल, या धास्तीनं त्याला काही सुचत नव्हतं. कोतवालानं सांगितलेलं सांगावं, शहाणपण करायचं असेल तर कोतवाली सोडावी, असं त्यानं बजावलं होतं. कोतवाली सोडून झाडू खाणार काय?

शेवटच्या घरी बुधरी भेटली. झाडूच्याच आळीतली पोर, दोन वर्षांपूर्वी इथे दिलेली. कडेवर सहा महिन्यांचं लेकरू. तिनं त्याला बसवलं, पाणी दिलं. माहेरी जायचं म्हणून तिचं गाठोडंसुद्धा बांधून झालं होतं. सावली गावी दिलेल्या झाडूच्या लेकीबद्दल तिनं हरखून विचारलं, "भाऊ, तुमची कमळा कवा येऊन राह्यली सावलीहून?"

परवा येते, एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटेना.

"तिले मी निरोप धाडलो," तो खाली बघत म्हणाला. "येऊ नोको म्हून."

बुधरीला उमजायला थोडा वेळ लागला. ती रागावली असती तर त्याला सोसलं असतं. तिनं लेकराला नुसतं पोटाशी घट्ट धरलं.

"मंग मले काऊन बोलावून राह्यले, भाऊ?"

झाडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तांब्या खाली ठेवून तो उठला आणि तडक चावडीपुढे जाऊन त्यानं डफड्यावर टिपरू हाणलं. माणसं जमली, हसली. आत्ताच तर सांगून गेलास की, म्हणाली.

"ते पाटलाचं होतं," झाडू म्हणाला. "आता मायं आयका."