साय आली

गळ्यातला पट्टा मांजराच्या मनातलं बोलून दाखवायला लागला, तेव्हापासून नलिनी घरात शिरली की भुरी म्हणायची, "साय आली!" रोज वाटीत साय घालणाऱ्या नलिनीचं तिच्या लेखी तेच नाव. पुढे भुरीला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी साय बंद केली, इन्सुलिन सुरू केलं. मग नलिनीची चाहूल लागताच भुरी पलंगाखाली दडायची. "सुई आली."

नलिनी तरीही तिला बाहेर काढून रोज सुई टोचायची. पण साखर काही उतरेना. आजही मशीनवरचा आकडा बघून तिला रडू फुटलं.

तेवढ्यात जाऊबाई पदराला हात पुसत आत आल्या. "कशाला छळतेस गं मुक्या जिवाला?"

भुरी पलंगाखालून धावत आली आणि त्यांच्या पायांना अंग घासू लागली.

"साय आली!" पट्टा खणखणीत बोलला.